"सगळं ठीक" एवढंच लिहू नका: मधपेटीच्या तपासणीच्या नोंदी कशा ठेवाव्यात

मधमाश्या पाळायला लागल्याचं माझं दुसरं वर्ष होतं. दोन पेट्या होत्या. त्यातली एक उघडली, एकेक फ्रेम (पोळं बांधलेली लाकडी चौकट) काढून पाहिली, पण अंडं दिसेना, लहान अळी दिसेना. मेणाने बंद झालेला पिलावा तेवढा होता. (पिलावा म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, सगळं मिळून.) राणीही कुठे दिसली नाही. राणी गेली, असं मी ठरवून टाकलं आणि दोन दिवसांत नवी फलित राणी आणून पिंजऱ्यासकट पेटीत ठेवली. पिंजऱ्यातून बाहेर पडल्यावर लगेचच माश्यांनी तिला मारलं. दारासमोरच्या फळीवर ती मरून पडलेली सापडली. आठवड्याने पेटी पुन्हा उघडली, तर मधल्या दोन फ्रेमवर ताजी अंडी होती. पोळ्याच्या एका घरात एकच, तळाच्या बरोबर मधोमध उभं. पेटीत त्यांची स्वतःची तरुण राणी आधीपासूनच होती.

त्या रात्री वही काढली. अंडी दिसली नाहीत त्या दिवसाच्या १७ दिवस आधीची नोंद होती: तारीख आणि पुढे दोन शब्द, "सगळं ठीक". मला मात्र स्पष्ट आठवत होतं की त्या दिवशी एका फ्रेमच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबणारं, टोक बंद झालेलं राणीघर (नवी राणी वाढते ते घर) मी पाहिलं होतं. तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर बोटांवर दिवस मोजून कळलं असतं की जुनी राणी थवा घेऊन, म्हणजे बऱ्याच माश्यांसह नवं घर शोधायला, गेली असणार, आणि नवी राणी बाहेर पडून, मीलन करून अंडी घालू लागण्याची वेळ अजून यायची आहे. फक्त थांबायचं होतं. मी थांबलो नाही आणि एका चांगल्या राणीचा जीव गेला.

तेव्हापासून नोंद लिहिताना मी एकच प्रश्न विचारतो: पुढच्या वेळी पेटी उघडायला उभा राहीन तेव्हा ही ओळ मला काय सांगेल? छंद म्हणून दोन-चार पेट्या सांभाळणाऱ्याला मोठा तक्ता लागत नाही. पुढचा निर्णय ज्यावर ठरणार आहे तेवढं मात्र लिहिलेलंच हवं.

पायरी १: पेटीला नव्हे, वसाहतीला क्रमांक द्या

पहिली चूक इथेच होते. आपण पेटीच्या लाकडावर रंगाने "१", "२" लिहितो. मग कधी तळपाट बदलतो, कधी कोठी (फ्रेम ठेवायचा पेटीचा एक मजला) धुवायला काढतो, कधी दोन पेट्यांच्या जागांची अदलाबदल करतो. सहा महिन्यांनी "पेटी २" म्हणजे नक्की कोण, हेच कळेनासं होतं. क्रमांक वसाहतीचा, म्हणजे आतल्या राणीचा आणि तिच्या माश्यांचा, असतो. म्हणून तो काढता-लावता येईल अशा छोट्या पाटीवर लिहा आणि वसाहत जिकडे जाईल तिकडे पाटी न्या.

वसाहत विभागली तर जुनी राणी ज्या भागात आहे त्याचा क्रमांक तोच ठेवा आणि नव्या भागाला "२क" द्या. दोन वसाहती एकत्र केल्या तर जी राणी राहिली तिचा क्रमांक चालू राहतो. दुसरा क्रमांक तारीख घालून बंद करा, पुन्हा कुणाला देऊ नका.

राणीची नोंद वेगळी ठेवा. ती कोणत्या वर्षी जन्मली, कोणत्या वसाहतीतून आली, तिच्या पाठीवर खूण आहे का? खुणेच्या रंगांचा जगभर चालणारा एक क्रम आहे. वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ ला पिवळा, ३ किंवा ८ ला लाल, ४ किंवा ९ ला हिरवा, ५ किंवा ० ला निळा. म्हणजे २०२५ ची राणी निळी, २०२६ ची पांढरी. हा क्रम पाळला की राणी दिसताच तिचं वय कळतं. आणि वहीत "राणी निळी" असं असताना पेटीत बिनखुणेची राणी दिसली, तर मधल्या काळात राणी बदलली हे एका नजरेत समजतं. खूण केली पण वहीत लिहिलीच नाही, तर हा फायदा निम्म्यावर येतो.

फ्रेम नेहमी एकाच बाजूने मोजा. मी पेटीच्या मागे उभं राहून डावीकडून मोजतो. ही पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नवी मेणपत्री (पोळं बांधायला दिलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेली फ्रेम पेटीत घालताना तिच्या वरच्या पट्टीवर वर्ष लिहा. पोळं काळं पडलं की ते बदलायला कधी आलं हे फ्रेमच सांगेल.

पायरी २: कशावर लिहायचं

वही, कार्ड, फोन, सगळं चालतं. हातमोज्यांना प्रोपोलिस (माश्यांचा चिकट डिंक) लागलेलं असताना काय चालतं, हे मात्र आधी पाहा. चिकट बोटांनी फोनचा पडदा नीट चालत नाही, आणि प्रत्येक फ्रेमला मोजा काढणं-घालणं कुणाच्याने होत नाही.

माझी निवड जाड पुठ्ठ्याची खिशात मावणारी वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल यासाठी की ओल आली, पाक सांडला तरी अक्षर पसरत नाही. प्रत्येक वसाहतीला सलग पानं द्या. तारखेनुसार सगळ्या पेट्या एकाच पानावर लिहिल्या तर एका वसाहतीची गोष्ट सलग वाचताच येत नाही, आणि वाचायची असते ती गोष्टच.

झाकणाखाली कार्ड ठेवायची पद्धतही चांगली आहे, कारण नोंद पेटीजवळच राहते. पण माश्यांच्या वाटेत कागद आला की त्या तो कुरतडून बाहेर टाकतात. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून आतल्या झाकणाच्या वर, बाहेरच्या छपराखाली ठेवा. एकच अडचण: घरी बसून चार वसाहतींची तुलना करायची म्हटलं तर कार्डं पेट्यांवर असतात.

हात मोकळे नसतील तर फोन खिशात ठेवून बोलून नोंद करा. त्याला एक नियम लावा: त्याच संध्याकाळी ऐकून वहीत उतरवायचं. न ऐकलेल्या ध्वनिफिती साठत गेल्या की त्या नोंदी उरत नाहीत. फोटो काढणार असाल तर आधी पाटीचा फोटो आणि मग फ्रेमचे. नाहीतर पन्नास फोटोंमधली कोणती फ्रेम कोणत्या पेटीची, हे सांगता येत नाही. फोटोचा एक मोठा उपयोग आहे: सूर्य पाठीमागून घेऊन, घरांच्या तळाशी उजेड पडेल असा फोटो काढला तर डोळ्यांना न दिसलेली अंडी घरी मोठं करून पाहताना दिसतात.

पायरी ३: उघडण्याआधी

पेटीला हात लावण्याआधी मागची नोंद वाचा. मग आजचा प्रश्न एका ओळीत लिहा. "राणी अंडी घालतेय का?" "मधाची कोठी चढवायची का?" "मागच्या वेळची रिकामी राणीघरं भरली का?" प्रश्न लिहिला की तपासणी लांबत नाही. उत्तर मिळालं की पेटी बंद करता येते. आतल्या पिलाव्याला माश्या ३४-३५ अंशांवर ठेवत असतात. आपण झाकण उघडं ठेवून उभं राहतो तो प्रत्येक मिनिट त्यांना भरून काढावा लागतो.

वेळ, तापमान, वारा, ऊन की ढग, हेही लिहा. उगाच नाही. ढगाळ हवेत माश्या चिडलेल्या असतात. हवामान लिहिलेलं नसेल तर तुम्ही त्या वसाहतीला स्वभावाने चिडकी ठरवून बसाल.

नंतर पाच मिनिटं दाराशी बसा. पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच. पायांवर परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या किती, गोळ्यांचा रंग कोणता, नर बाहेर पडताहेत का, दारासमोर तोंड पेटीकडे करून तरुण माश्या हेलकावे घेत उडताहेत का, दाराशी झोंबाझोंबी आहे का, खाली मेलेल्या माश्या किंवा पांढरे, खडूसारखे टणक झालेले कोष पडलेत का. अनेकदा पेटी उघडायची गरजच नाही हे इथेच कळतं. मग "उघडली नाही" असं लिहून दाराशी पाहिलेलं नोंदवा. न उघडता केलेली नोंदही पूर्ण नोंद असते.

पायरी ४: पेटी उघडी असताना काय टिपायचं

इथे वेळ कमी आणि पाहायचं खूप असतं. म्हणून क्रम ठरवून घ्या आणि तो कधीच बदलू नका: अंडी, पिलावा, राणीघरं, अन्न, जागा, आजार, स्वभाव.

अंडी पहिली, राणी नाही. नवखा माणूस राणी शोधण्यात अर्धा तास घालवतो. अंडी दिसली की गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती हे सिद्ध झालं, कारण अंडं तीन दिवसांत फुटतं. राणी दिसली तर आनंदच, पण नोंदीत "राणी दिसली" आणि "अंडी दिसली" हे दोन वेगळे शेरे ठेवा. अंडी कशी आहेत हेही लिहा. एका घरात एकच, तळाच्या मधोमध असेल तर राणीचं काम. एका घरात तीन-चार आणि भिंतींना चिकटलेली असतील तर राणी नसताना अंडी घालू लागलेल्या कामकरी माश्यांची शंका. मात्र नुकतीच अंडी घालू लागलेली राणीही पहिले काही दिवस एका घरात दोन घालते. म्हणून अशा वेळी आठवड्यानंतरची तपासणी लिहून ठेवा आणि तेव्हाच ठरवा.

पिलाव्यासाठी "भरपूर", "बरा", "कमी" हे शब्द वापरू नका. मे महिन्यातलं "भरपूर" आणि सप्टेंबरमधलं "भरपूर" वेगळं असतं, आणि महिन्याभराने त्याचा अर्थ तुम्हालाही आठवत नाही. फ्रेमची एक बाजू चार भागांत कल्पा आणि पाव, अर्धी, पाऊण असं मोजा. अंडी, उघड्या अळ्या आणि बंद कोष तिघांचा अंदाज वेगवेगळा लिहा. हे जमायला चार-पाच तपासण्या लागतात. जमलं की जे कळतं ते दुसऱ्या कशानेच कळत नाही.

कसं, ते पाहा. मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) जातीत कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांनी बाहेर पडते: साधारण ३ दिवस अंडं, ६ दिवस उघडी अळी, १२ दिवस बंद घर. (सातेरी या देशी जातीत हा काळ एक-दोन दिवसांनी कमी असतो. पुढचे आकडे मेलिफेराचे आहेत.) म्हणजे राणी रोज सारखीच अंडी घालत असेल तर अंडी, अळ्या आणि बंद कोष यांनी व्यापलेली जागा १:२:४ या प्रमाणात दिसायला हवी. अंडी पाव बाजू, अळ्या अर्धी बाजू, बंद कोष एक पूर्ण बाजू, ही झाली स्थिर वसाहत. त्याच एका बाजूच्या कोषांसमोर अंड्यांनी एक अख्खी बाजू व्यापली असेल तर राणी वेग घेतेय, तीन आठवड्यांनी माश्या वाढतील, जागेची तयारी आत्ताच करा. अंडी जवळजवळ नाहीत आणि कोष मात्र पाच-सहा बाजू असतील तर राणीने हात आखडता घेतलाय. तो टंचाईमुळे, थवा निघायच्या तयारीमुळे की राणीच गेल्यामुळे, हे पुढच्या ओळी सांगतील. "पिलावा चांगला" एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीही कळलं नसतं.

माझ्या त्या दुसऱ्या वर्षीच्या पेटीत हेच दिसत होतं: अंडी शून्य, अळ्या शून्य, कोष तीन बाजू. हा आकडा मी वाचू शकलो असतो. शेवटचं अंडं घातल्याला किमान ९ आणि जास्तीत जास्त २१ दिवस झाले होते, एवढं तो सांगत होता, आणि राणीघर पाहिल्याच्या तारखेशी ते जुळत होतं.

पिलाव्याची रचनाही पाहा: सलग की विरळ, झाकणं फुगीर, सपाट की खचलेली. कामकरी माश्यांच्या घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी वर आलेली झाकणं दिसली तर तिथे नर वाढताहेत, हे ठळक लिहा.

राणीघरांबाबत तीन गोष्टी लागतात: किती, कुठे, कोणत्या अवस्थेत. "राणीघर आहे" एवढ्याने काही कळत नाही. राणीघराची सुरुवात असलेल्या रिकाम्या वाट्या बहुतेक वसाहतींत असतात, त्यांना भिऊ नका. त्यात अंडं किंवा पांढऱ्या राजान्नात (राणीच्या अळीच्या खास खाद्यात) तरंगणारी अळी असेल तर तारीख, फ्रेमचा क्रमांक आणि अळीचा आकार लिहा. फ्रेमच्या खालच्या कडेला ओळीने असतील तर बहुधा थव्याची तयारी. पोळ्याच्या मधोमध एक-दोन असतील तर जुनी राणी बदलायचा विचार. हा ढोबळ नियम आहे आणि माश्या तो मोडतात, म्हणून जागा लिहा, कारण कंसात टाका.

अन्नासाठी मधाच्या आणि परागाच्या फ्रेम मोजा. पेटीचं वजन हवं असेल तर टांगता वजनकाटा एका बाजूच्या तळाला अडकवून ती बाजू जरा उचला, आकडा घ्या, दुसऱ्या बाजूनेही तसंच करा आणि दोन्ही मिळवा. अचूक नसलं तरी दर वेळी त्याच पद्धतीने केलं की घट-वाढ कळते, आणि हवी असते ती घट-वाढच.

माश्यांची संख्या मोजायला वरून दिसणाऱ्या फ्रेममधल्या फटी मोजा: किती फटी माश्यांनी भरल्या आहेत. स्वभावाला १ ते ४ असे आकडे द्या आणि त्यांचा अर्थ पहिल्या पानावर लिहा. माझ्याकडे १ म्हणजे फ्रेमवर शांत चालतात आणि ४ म्हणजे पेटी बंद करून लांब गेलो तरी पाठलाग.

पायरी ५: पाहिलं काय आणि वाटलं काय

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पानावर मधे रेघ मारा. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे त्यावरून वाटलेलं. "राणी नाही" हे कधीच डावीकडे येऊ शकत नाही. डावीकडे येतं ते "राणी दिसली नाही, अंडी दिसली नाहीत, सगळ्या फ्रेम पाहिल्या". "राणी गेली असावी" ते उजवीकडे. ही रेघ नसली की पहिल्या दिवशीचा अंदाज दुसऱ्या दिवशी खात्री होतो आणि तिसऱ्या दिवशी आपण नवी राणी आणायला निघतो.

मला इथे नेहमी फ्रांस्वा ह्यूबर आठवतात. १७५० मध्ये जिनिव्हात जन्मलेल्या या माणसाची दृष्टी तरुणपणीच गेली होती. पेटी उघडायचा, पाहायचा आणि टिपायचा त्यांचा सेवक फ्रांस्वा ब्युर्नांस. प्रश्न ह्यूबर ठरवायचे. पुस्तकाच्या पानांसारखी उलगडणारी पेटी त्यांनी याच कामासाठी बनवली, आणि १७९२ मध्ये ती निरीक्षणं प्रसिद्ध झाली. राणीचं मीलन पेटीत नव्हे तर बाहेर, उडताना होतं, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखवलं. समोरच्याने काय पाहिलं ते अचूक सांगितल्याशिवाय यातलं काहीच शक्य नव्हतं. नोंद लिहून झाली की मी स्वतःला विचारतो: ज्याला ही पेटी दिसत नाही, त्याला या ओळींवरून ती डोळ्यांपुढे उभी करता येईल का? महिन्याभराने वही वाचणारा मीही तसाच असतो.

एक पूर्ण नोंद कशी दिसते ते देतो:

वसाहत ३. राणी निळी. १२ तारीख, सकाळी १०.१५, ऊन, वारा नाही, २६ अंश. मागची तपासणी ८ दिवसांपूर्वी.
आजचा प्रश्न: राणीघरांत अंडी आली का?
पाहिलं: दाराशी पिवळा आणि करडा पराग. भरलेल्या फटी ७. राणी दिसली नाही. अंडी अर्धी बाजू, अळ्या दोन बाजू, कोष पाच बाजू, सलग. फ्रेम ६ च्या खालच्या कडेला राणीघरं ४, त्यातल्या दोनांत अळी, बंद एकही नाही. मध ३ फ्रेम, पराग १. रिकामी जागा फ्रेम १ वर पाव बाजू. स्वभाव १.
वाटलं: जागा कमी पडतेय, थव्याची तयारी.
केलं: अजून काही नाही. सामान आणून आज संध्याकाळी वसाहत विभागणार.
पुढच्या वेळी: विभागणीनंतर ७ व्या दिवशी नव्या भागातली राणीघरं.

लिहायला चार मिनिटं लागतात. "अं", "अ", "को", "रा.घ." असे संक्षेप केले तर दोन.

पायरी ६: तारखा पुढे नेऊन ठेवा

नोंदीचा खरा उपयोग पुढच्या तारखा ठरवण्यात आहे. राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर पडते आणि तिचं घर साधारण आठव्या दिवशी बंद होतं. म्हणून राणीघर बंद झालेलं दिसलं तर राणी फार तर ८ दिवसांत बाहेर येईल, कदाचित उद्याच. त्यापुढे उडून मीलन व्हायला साधारण आठवडा आणि अंडी सुरू व्हायला आणखी काही दिवस. हवा खराब असेल तर जास्त. म्हणजे बंद राणीघर पाहिल्यापासून तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत "अंडी नाहीत" ही वाईट बातमी नसते. वहीत आणि दिनदर्शिकेत दोन खुणा करा: "या तारखेपर्यंत उघडायची नाही" आणि "या तारखेला अंडी पाहायची". मीलनाच्या काळात सारखं उघडून कुमारी राणीला त्रास देण्यापेक्षा या दोन खुणा पाळा.

राणी अचानक गेली आणि माश्यांनी लहान अळीपासून नवी राणी घडवायला घेतली, तर ती १२-१३ दिवसांत बाहेर येते आणि राणी गेल्यापासून अंडी दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. शंका असेल तर नवी राणी आणण्याआधी दुसऱ्या निरोगी वसाहतीतली अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम, माश्या झटकून, त्या पेटीत द्या आणि तारीख लिहा. तीन-चार दिवसांत त्यावर राणीघरं उभी राहिली तर राणी नाही. नाही राहिली तर आत कुणीतरी आहे. मी ही चाचणी केली असती तर वर सांगितलेली राणी वाचली असती.

थव्याच्या दिवसांत दर ७ दिवसांनी पाहा, कारण राणीघर आठव्या दिवशी बंद होतं आणि बंद झालं की थवा कधीही निघतो. इतर वेळी अंतर वाढवा. थंडीत, साधारण १५ अंशांच्या खाली, पिलाव्याच्या फ्रेम बाहेर काढू नका.

पायरी ७: उपचार, खाद्य आणि फ्रेमची ये-जा

ही तीन खाती कधीही आठवणीवर सोडू नका.

उपचाराचं नाव, वेष्टनावरचा गट क्रमांक, मात्रा, सुरू केल्याची तारीख, काढल्याची तारीख, आणि तेव्हा मधाची कोठी पेटीवर होती की नव्हती. शेवटचं विसरलात तर त्या मधाचं काय करायचं हे ठरवता येणार नाही. पाक दिला असेल तर किती लिटर आणि साखर-पाण्याचं प्रमाण काय. पाकाचा हिशेब नसला की कोठीत भरलेलं फुलांचं की साखरेचं, हे सांगता येत नाही.

वरोआ माइट (माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी) मोजताना पिलाव्याच्या फ्रेमवरून साधारण ३०० माश्या घ्या, म्हणजे अर्धा कप. त्याआधी त्या फ्रेमवर राणी नाही हे पाहा आणि "राणी तपासली" असं लिहूनच कप भरा. ९ माइट पडले तर ९ भागिले ३००, म्हणजे १०० माश्यांमागे ३. अनेक ठिकाणी २ ते ३ ही उपचाराची सीमा धरतात. एकट्या आकड्यापेक्षा तो वाढतोय की नाही हे महत्त्वाचं. म्हणून उपचाराआधी आणि उपचारानंतर, दोन्ही वेळा मोजा. माइट सुटावेत म्हणून माश्या पिठीसाखरेत घोळवल्या की अल्कोहोलमध्ये हलवल्या, हेही लिहा. दोन पद्धतींचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, साखरेत माइट कमी सुटतात.

फ्रेम एका पेटीतून दुसरीत गेली तर दोन्ही वसाहतींच्या पानांवर लिहा: कुठून, कुठे, कधी. फाउलब्रूडसारखा पिलावा सडवणारा रोग एका पेटीत निघाला तर पहिला प्रश्न हाच येतो की इथली फ्रेम आणखी कुठे गेली. अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू पोळ्यात आणि लाकडात दशकानुदशकं जिवंत राहतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची ओळही उपयोगी पडते. झाकणं खचलेली, भोकं पडलेली, दुर्गंध येतोय आणि आत काडी घालून ओढल्यावर तपकिरी चिकट तार निघतेय, असं दिसलं तर अंदाज बांधत बसू नका. फोटो काढा, पेटी बंद करा, हत्यारं वेगळी ठेवा, "या पेटीतून काहीही हलवायचं नाही" असं पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि जाणकाराला दाखवा. अनेक देशांत हा रोग अधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी ८: संध्याकाळची दहा मिनिटं

हात धुऊन झाल्यावर वही पुन्हा उघडा. अक्षर लागत नसेल ते नीट करा, "पुढच्या वेळी" ही ओळ रिकामी नाही ना ते पाहा, तारखा दिनदर्शिकेत टाका. वहीच्या शेवटी काही पानं फुलोऱ्याला ठेवा: कोणतं झाड कधी फुललं, कधी संपलं, पहिला पराग कोणत्या रंगाचा आला, टंचाई कधी सुरू झाली. दुसऱ्या वर्षीपासून ही पानं वाचून कोठी कधी चढवायची ते आठवडाभर आधी कळतं.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक राणीची एक ओळ काढा: किती मध, किती वेळा थव्याची तयारी, स्वभावाचे आकडे, माइटचे आकडे. पुढच्या वर्षी कोणत्या वसाहतीतून राणी वाढवायची हे या ओळींवरून ठरवा. एका तपासणीत शांत दिसलेल्या पेटीवरून नको.

आणि नोंद राहून गेली तर? राहते. पाऊस येतो, माश्या चिडतात, अंधार पडतो. अशा वेळी चार दिवसांनी आठवून-आठवून आकडे भरू नका. तारीख लिहा, पुढे "पेटी उघडली, नोंद केली नाही" असं लिहा आणि खात्रीने आठवतंय तेवढंच खाली घाला, शेजारी "आठवणीतून" असं लिहून. माझ्या वहीत त्या जुन्या "सगळं ठीक"च्या खाली वेगळ्या पेन्सिलीने लिहिलेली अशीच एक ओळ आहे: "फ्रेम ४, खालची कड, राणीघर १, बंद. आठवणीतून."